रेड्याच्या समाधीशेजारी येशूचे चमत्कार

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो हाच रेडा. परतीच्या वाटेवर तो इथे शांत झाला आणि भावंडांनी त्याला समाधी दिली, असे वारकरी सांगतात. ओतूरला बाबाजी चैतन्यांचे स्थान आहे. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे गुरू ते हेच, अशी इथली परंपरा. लेण्याद्रीला बौद्ध भिक्षूंच्या लेण्यात गिरिजात्मज बसला आहे, ओझरला विघ्नेश्वर, आणि जवळच सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकराचे ज्योतिर्लिंग. याच टापूत नारायणगावाजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण लहरी ती रात्रंदिवस टिपत असते.

अशा मुलखात १८४६ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने जुन्नरला आपले ठाणे उघडले. मिशनऱ्यांच्या हातात जे पुस्तक होते तेही चमत्कारांनी भरलेले. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो, पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार माणसे जेवतात, चार दिवस कबरेत असलेला लाजर उठून बाहेर येतो. पण ज्या गावात रेड्याने वेद म्हटल्याचे पोराटोरांनाही ठाऊक, तिथे या गोष्टी ऐकून कोण चकित होणार?

ही अडचण वाटते त्यापेक्षा मोठी होती. चमत्काराला ख्रिस्ती श्रद्धेत आज कोणती जागा आहे, याचे उत्तर शोधायला रोमला किंवा लंडनला जाण्याआधी मराठी मुलखातली गेली दोनशे वर्षे पाहावीत. चमत्कार पुरावा म्हणून इथे मांडला गेला आणि तसा तो इथेच फसला. नंतर तो दुसऱ्या वाटेने परत आला, आणि ती वाट समजून घेण्यासारखी आहे.

वादसभेतला पुरावा

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सुशिक्षित ख्रिस्ती माणसाची चमत्कारांबाबतची भूमिका वकिली थाटाची होती. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७४८ मध्ये एक पेच टाकला होता : निसर्गनियम मोडला असे कोणी सांगितले, तर नियम खरेच मोडला असण्यापेक्षा सांगणारा चुकला किंवा खोटे बोलला असण्याची शक्यता नेहमी जास्त नाही का? त्याला उत्तर देणारा विल्यम पेली याचा ग्रंथ १७९४ मध्ये आला. पेलीचे म्हणणे असे की येशूच्या शिष्यांनी जे पाहिले त्यासाठी हालअपेष्टा सोसल्या, मरण पत्करले. असे साक्षीदार खोटे मानता येत नाहीत. अनेक मिशनरी हीच शिदोरी घेऊन हिंदुस्थानात उतरले.

जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले आणि थोड्याच काळात मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. दांडेकरांच्या पुस्तकाला विल्सननी १८३२ मध्ये पुस्तकानेच उत्तर दिले. १८३९ मध्ये जॉन म्यूर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ चक्क संस्कृत श्लोकांत लिहिला. खऱ्या धर्माच्या खुणा कोणत्या हे त्यात सांगितले होते आणि धर्मसंस्थापकाच्या अंगी चमत्काराचे सामर्थ्य असणे ही त्यातली एक ठळक खूण होती. म्यूरच्या प्रतिवादासाठी तीन पंडित पुढे आले. त्यांतले दोघे मराठी : सिहोरचे सुबाजी बापू आणि काशीत राहणारे तरुण नीळकंठशास्त्री गोऱ्हे.

या खुणेत फट होती. चमत्कार ही खऱ्या धर्माची खूण धरली, तर ज्याच्या पुराणात जास्त चमत्कार तो धर्म जास्त खरा ठरेल, आणि त्या हिशेबात गोवर्धन उचलणारा कृष्ण मागे पडत नाही. पुराणातल्या कथा कल्पित आणि शुभवर्तमानातल्या कथा इतिहास, असे मिशनऱ्यांनी म्हणावे, तर ऐकणाऱ्याने नेमके उलटे म्हणायला काय हरकत? १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी महिनोन्‌महिने वाद घालत होते. तोवर वादसभेतल्या चमत्काराची धार बरीच बोथट झाली होती.

गंमत अशी की त्याच नीळकंठशास्त्र्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ते नेहेम्या गोऱ्हे झाले आणि पुढे पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यात त्यांच्या लेखनाचा वाटा राहिला. नारायण वामन टिळकांचेही असेच. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ज्या मराठी विद्वानांनी येशू स्वीकारला, त्यांच्या कहाण्यांत त्याची शिकवण आणि त्याचे मरण पुढे दिसते. पाण्यावर चालणे फारसे येत नाही.

जे ख्रिस्ती झाले नाहीत त्यांच्याबाबतही हेच. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी येशूला बळीराजाच्या रांगेत बसवले. दीनांच्या बाजूने उभा राहिलेला राजा म्हणून ते त्याच्याकडे पाहत. त्यांच्या सत्यशोधक समाजाचे जुन्नर भागात चांगले बळ होते. ओतूरला भटजीशिवाय लग्ने लागली तेव्हा गावजोशांनी दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून कोर्टकचेरी केली. देवाच्या नावाने कोण पैसे घेतो, हा प्रश्न या मातीत तेव्हापासून विचारला जातो. तो पुढे पुन्हा येणार आहे.

दवाखान्यातला देव

मिशनऱ्यांच्या बोलण्यातही फरक पडत गेला. प्रोटेस्टंटांमध्ये एक जुना विचार होता : चमत्कार प्रेषितांच्या काळापुरते होते. मंडळी उभी राहावी म्हणून देवाने ते दिले, ती उभी राहिल्यावर त्यांचे काम संपले. अमेरिकन धर्मशास्त्री बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९१८ मध्ये या मताचे जाडजूड समर्थन लिहिले. रोग बरा करायचा तर आता दवाखाना काढायचा, हे त्याचे व्यवहारातले रूप. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत वैद्यकीय काम सुरू केले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रुग्णालयाची ख्याती दूरवर पसरली. बायबलात आंधळ्याला दृष्टी मिळते ती स्पर्शाने. मिशनच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढून. दोन्ही देवाचीच दया, असे मिशनचा डॉक्टर मानत असे.

युरोपात काही विद्वान याहून पुढे गेले. १९४१ च्या एका गाजलेल्या व्याख्यानात जर्मनीच्या रुडॉल्फ बुल्टमान यांनी म्हटले की विजेचा दिवा आणि रेडिओ वापरणाऱ्या, आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाणाऱ्या माणसाला नव्या करारातली भुतेखेते आणि चमत्कार खरे मानता येणार नाहीत. त्या कथांतला जीवनाविषयीचा अर्थ तेवढा घ्यावा. रेडिओ आला की चमत्कार गेला, असा हा हिशेब. खोडदने तो खोटा पाडला आहे. जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक ज्या गावच्या शिवारात उभी आहे, तिथले लोक मोबाइलवर बाजारभाव पाहतात आणि यात्रेला नवसही फेडतात. माणसाच्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना हाकलून देत नाहीत. मग त्या एकत्र नांदतात कशा? याचे एक उत्तर याच पुणे जिल्ह्यात, केडगावात सापडते.

केडगावची पहाट

पंडिता रमाबाईंचा चमत्कारांवरचा पहिला विश्वास दुष्काळात मेला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान पुराणिक. तीर्थयात्रा करत हिंडणाऱ्या या कुटुंबाने १८७० च्या दशकातल्या दुष्काळात देवाच्या कृपेची वाट पाहत उपासतापास केले, अनुष्ठाने केली, जवळचे किडूकमिडूक दानात घातले. देव धावला नाही. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मग मोठी बहीण. सोळा वर्षांची रमा भावाबरोबर पायी हिंदुस्थान तुडवत राहिली. ही सारी कहाणी त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि त्यांचे पुढचे सारे आयुष्य तिच्यासमोर ठेवून वाचावे लागते.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, नंतर ते पुण्याला हलवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणून त्यांनी केडगावला आसरा दिला. तेच मुक्ती मिशन. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. दुष्काळात देवाच्या चमत्काराची वाट पाहण्यापेक्षा विहीर खणावी, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

आणि याच संस्थेत १९०५ मध्ये जे घडले ते जगाच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदले गेले. वेल्समध्ये १९०४ पासून धर्मजागृतीची लाट उसळली होती, खासी टेकड्यांतही ती पोहोचली होती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुमारे ७० जणी आल्या. जूनपर्यंत संख्या ५०० च्या वर गेली. २९ जूनच्या पहाटे झोपायच्या दालनात एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्याचे सोबतिणीने सांगितले. ती विझवायला पाणी आणायला धावली. परत आली तर मुलगी जळालेली नव्हती, प्रार्थना करत होती. दुसऱ्या दिवशी रमाबाई बायबल समजावून सांगत असताना मुली एकदम मोठ्याने रडू लागल्या, आपापली पापे कबूल करू लागल्या. पुढच्या काळात काही जणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. इंग्रजी न येणारी एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असे रमाबाईंनीही लिहिले आहे.

लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर ज्या सभांतून अन्य भाषांत बोलण्यावर भर देणारी जगभरची पेंटेकॉस्टल चळवळ सुरू झाली असे सहसा सांगतात, त्या सभा एप्रिल १९०६ मधल्या. केडगाव त्यांच्या आधीचे. मुक्ती मिशनमधल्या मिनी अब्रॅम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतल्या आपल्या मैत्रिणीला धाडली. १९०९ मध्ये चिलीत उभी राहिलेली पेंटेकॉस्टल चळवळ त्या पुस्तिकेचे ऋण मानते. पुणे जिल्ह्यातल्या माळरानावरची ती पहाट अशी दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली.

या गोंगाटाला नाक मुरडणारे गोरे मिशनरी होतेच. रमाबाईंनी मुलींना गप्प बसवले नाही. हिंदुस्थानी माणसाने आपल्या पद्धतीने, टाळ्या वाजवत, मोठ्याने देवाला हाक मारली तर त्यात वावगे काय, असे त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या बाजूलाही त्या ठाम होत्या. अन्य भाषा बोलता आली तरच पवित्र आत्मा मिळाला, असे त्यांनी मानले नाही. मुलीचे वागणे बदलले का, चोरी-खोटेपणा सुटला का, भांडण मिटले का, ती दुसऱ्यांच्या सेवेला लागली का, याकडे त्यांचे लक्ष होते. त्या स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याच्या कामाला लागल्या होत्या, आणि ते काम चालूच राहिले.

इथे चमत्काराची जागा बदललेली दिसते. वादसभेत तो परक्याला हरवण्यासाठी होता. केडगावात तो आपल्या माणसांत सांगण्यासाठी होता. मराठी ख्रिस्ती मंडळीत याला ‘साक्ष देणे’ म्हणतात. रविवारच्या उपासनेत कोणी उठते आणि सांगते : घरात असे असे झाले होते, प्रार्थना केली, प्रभूने सोडवले. ऐकणारे त्याची उलटतपासणी घेत नाहीत. ते ‘आमेन’ म्हणतात आणि त्या घरासाठी आणखी प्रार्थना करतात.

नवस, मेणाचे पाय आणि रोमची चाळणी

कॅथलिकांची वाट वेगळी. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे आणि घरे विकायला असतात. ज्याला जे हवे ते त्याने मोतमावलीपुढे ठेवायचे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना होते. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला गावोगावचे भाविक लोटतात, त्यांत पायी चालत येणारेही असतात. यात्रा, नवस, माउली ही सारी शब्दसंपदा वारकऱ्याला आणि जत्रेकऱ्याला परकी नाही. रांगेत ख्रिस्ती नसलेले लोकही असतात.

या लोकश्रद्धेच्या वर रोमची चाळणी आहे आणि ती फार बारीक आहे. एखाद्याला संत ठरवायचे तर त्याच्या मध्यस्थीने झालेला चमत्कार दाखवावा लागतो. बहुतेक वेळा तो रोग बरा होण्याचा असतो. तो अचानक, पुरता आणि टिकून राहणारा हवा, आणि त्याचे वैद्यकीय स्पष्टीकरण सापडता कामा नये. हे डॉक्टरांचे मंडळ तपासते. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून लोक जातात. बरे झाल्याचे ७,००० हून अधिक दावे तिथे नोंदले गेले; चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते फक्त ७२.

चाळणी बारीक असूनही वाद संपत नाहीत. मदर तेरेसांना २००३ मध्ये धन्य (ही संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करताना पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ बरी झाल्याचे प्रकरण पुढे ठेवले गेले. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की हा औषधांचा गुण आहे. रोमने आपला निर्णय बदलला नाही, डॉक्टरांनीही आपले म्हणणे सोडले नाही. उलट, गोव्याच्या बाणावलीत जन्मलेले आणि श्रीलंकेत छळाच्या काळात लपूनछपून श्रद्धावंतांची सेवा करणारे जुझे वाझ यांना १४ जानेवारी २०१५ रोजी संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अटच माफ केली. त्यांचे आयुष्य पुरेसे बोलके होते.

मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने दर्शने, रडणाऱ्या मूर्ती आणि अशा घटनांसाठी नवे नियम काढले. आता बिशप सहसा ‘हे अलौकिकच आहे’ असे जाहीर करणार नाहीत; या भक्तीला हरकत नाही, किंवा इथे सावध राहा, एवढेच सांगतील. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या वेळांकण्णीच्या तीर्थाबाबत रोमने अनुकूल पत्र पाठवले, त्यातला भरही तिथे येणाऱ्या गोरगरिबांच्या आणि इतर धर्मीयांच्या श्रद्धेवर होता. दर्शन इतिहासात घडले का, हा प्रश्न मागे ठेवून त्या ठिकाणी माणसांचे काय होते, याकडे रोम वळले आहे.

या सावधपणाची गरज मुंबईने २०१२ मध्ये पाहिली. विलेपार्ल्याजवळच्या इर्ल्यात वेळांकण्णी मातेच्या चर्चजवळ क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले आणि भाविक ते गोळा करू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी पाहणी केली आणि तुंबलेल्या गटाराचे पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत असल्याचे सांगितले. चर्चने तो चमत्कार असल्याचे अधिकृतपणे कधी जाहीर केले नव्हते. तरीही धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि एडामरुकू फिनलंडला निघून गेले. ते गटाराचे पाणी कोणी पीत असेल, तर त्याला थांबवणारा माणूस श्रद्धेचा वैरी कसा ठरतो, हे त्या तक्रारींतून कळले नाही.

साप, कायदा आणि नारायणगाव

चमत्काराची खरी कसोटी उसाच्या फडात आणि द्राक्षाच्या बागेत लागते, कारण तिथे साप असतात. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. चावलेल्या माणसाला आधी देवळात किंवा मांत्रिकाकडे न्यायची जुनी सवय महाराष्ट्रभर आहे, आणि ती टिकून आहे याला कारण आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष टोचतोच असे नाही. त्यामुळे मंत्राने बरे झालेले लोक खरोखर दिसतात. मरतो तो विष भिनलेला, विशेषतः मण्यार चावलेला, ज्याची जखम दिसतही नाही आणि ज्याचा श्वास काही तासांनी बंद पडू लागतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षे हेच गावागावांत सांगत आले आहेत : वेळ घालवू नका, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या.

ख्रिस्ती माणसालाही हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी विश्वासणारे सर्प उचलतील असे आश्वासन आहे. अमेरिकेच्या ॲपालेशियन डोंगरांत काही मंडळ्या ते शब्दशः घेतात आणि उपासनेत जिवंत रॅटलस्नेक हाताळतात. या प्रथेचा मोठा प्रचारक जॉर्ज हेन्सली १९५५ मध्ये सर्पदंशानेच मेला. बायबलच्या सर्वांत जुन्या, चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्काचा हा शेवटचा भागच नाही. आजच्या बहुतेक आवृत्त्या तशी टीप देतात.

महाराष्ट्राचा कायदाही सापापाशी येऊन थांबतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्याच महिन्यात जादूटोण्याविरुद्ध वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. त्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवणे, त्यांचा प्रचार करून लोकांना फसवणे किंवा दहशत घालणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. मात्र दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे आणि त्यांचा प्रसार करणे यांना कायद्याने हात लावलेला नाही. आळ्याच्या रेड्याची कथा सांगायला मोकळीक आहे, लाजराचीही आहे. रोगी दवाखान्यात जाऊ द्यायचा नाही, याला नाही.

आजच्या चंगाई सभांकडे, म्हणजे रोग बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभांकडे, याच नजरेने पाहता येते. तंबूत किंवा कोणाच्या घरात लोक जमतात, पास्टर डोक्यावर हात ठेवतात, तेल लावून प्रार्थना करतात. याकोबाच्या पत्रात तसे सांगितले आहे. येणारे बहुतेक जण गरीब असतात. दवाखान्याचा खर्च ऐकून परतलेले किंवा सगळे उपाय करून थकलेले. त्यांना कोणीतरी नावाने हाक मारते, त्यांच्या दुखण्यासाठी दहा जण गुडघे टेकतात, दारूड्या नवऱ्यासाठी उपास धरतात. दुखणे, भीती, झोप न येणे यांत अशा जवळिकीचा गुण येतो, हे नाकारायचे कारण नाही. पण ‘औषध बंद कर, तुझा विश्वास कमी पडतो’ असे मधुमेहाच्या किंवा मिरगीच्या रोग्याला सांगणारा पास्टर त्याच्या जिवाशी खेळतो. चमत्काराचे आमिष दाखवून धर्म बदलायला लावतात, हा आरोपही अशाच सभांवर होतो, आणि समंजस मंडळ्या म्हणूनच सांगतात : प्रार्थना करून घ्या, गोळी घ्यायला विसरू नका. कॅथलिक चर्चमध्येही भूतबाधा उतरवण्याचा विधी करायला बिशपांची परवानगी लागते आणि आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यायची असते.

प्रार्थनेचा गुण प्रयोगाने मोजायचा प्रयत्नही झाला आहे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ अमेरिकन रुग्णांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेने रुग्णांच्या गुंतागुंतीत घट झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात तर ती थोडी जास्तच, ५९ टक्के जणांत, आढळली. नास्तिकांना हा निकाल आवडला. पण अनेक श्रद्धावंतांनीही खांदे उडवले, आणि त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे आहे : ओळखदेख नसलेल्या रोग्यासाठी यादीतून वाचलेली प्रार्थना म्हणजे आमची प्रार्थना नव्हे. पुरावा म्हणून चमत्कार प्रयोगशाळेतही टिकला नाही, जसा तो मुंबईच्या किनाऱ्यावर टिकला नव्हता.

न झालेले चमत्कार

नवा करार नीट वाचला तर या सगळ्याची सूचना त्यात आधीच दिलेली दिसते. परुशी चिन्ह मागतात तेव्हा येशू नकार देतो. मंदिराच्या टोकावरून उडी मार म्हणणाऱ्या सैतानाला तो झिडकारतो. बरे झालेल्यांना अनेकदा हे कोणाला सांगू नका म्हणतो. पौल आपल्या देहातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवतो आणि तो काटा तसाच राहतो. ख्रिस्ती श्रद्धा ज्या एका चमत्कारावर उभी आहे तो येशूच्या पुनरुत्थानाचा. ते झाले नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे पौल स्वतः म्हणतो. बाकीच्या चमत्कारांबाबत ख्रिस्ती माणसांत मतभेद आहेत आणि राहतील. कोणी त्यांना अक्षरशः घेतो, कोणी दृष्टान्त म्हणून.

रमाबाईंच्या आयुष्यात दोन्ही बाजू एकत्र दिसतात. दुष्काळात मागितलेला चमत्कार झाला नाही. केडगावात अनपेक्षित असे काहीतरी झाले, त्याला त्यांनी देवाचे काम म्हटले. आणि जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा, जिच्या हाती सारी संस्था सोपवायची होती, आजारपणात गेली. केडगावात प्रार्थनेची कमी नव्हती. १८७४ च्या मृत्यूंनी त्यांचा आधीचा विश्वास मोडला होता. १९२१ च्या मृत्यूने हा मोडला नाही. फरक देवांच्या नावात आहे असे कोणी म्हणेल. पण पहिल्या वेळी श्रद्धा देवाने काहीतरी करून दाखवण्यावर टांगलेली होती. दुसऱ्या वेळी ती शेकडो मुलींच्या रोजच्या जगण्यात, विहिरीत, छापखान्यात आणि सकाळच्या प्रार्थनेत रुजलेली होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यात छापून पुरे झाले.

तेव्हा चमत्काराला ख्रिस्ती श्रद्धेत आज जागा आहे, पण ती दाव्याची नाही. ज्याचा आजार बरा झाला त्याने देवाचे आभार मानावेत आणि आपल्या मंडळीत साक्ष द्यावी. ते खोडून काढणे हे डॉक्टरचेही काम नाही आणि विवेकवाद्याचेही. दुसऱ्याने मात्र तीन गोष्टी विचाराव्यात : यासाठी पैसे मागितले का, औषध थांबवले का, आणि जो बरा झाला नाही त्याला विश्वास कमी पडला म्हणून हिणवले का. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर त्या साक्षीपुढे कायद्याला किंवा विज्ञानाला तक्रार करण्याजोगे काही उरत नाही. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर चमत्कार कुठल्याही धर्माचा असो, पोलिस पाटलाला कळवावे.